मतदानाआधी बांगड्या नकोत

काचीगुडा, हैद्राबाद
८ नोव्हेंबर १९५१

ती. इंदुताईस सत्यवतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझा चिवडा पोचला. निम्मा मुकुंदरावांनीच संपवला. हसू नकोस. रझाकारांनी ह्यांना मारलं, तेव्हापासून माझी विचारपूस करणारा हा त्यांचा एकच मित्र. परवा त्यांनी मला लग्नाचं विचारलं. सुलतान बाजारातून हिरव्या बांगड्याही आणल्या. मात्र ते निवडणुकीला उभे राहताहेत, तेव्हा मतदान होईपर्यंत घालू नका म्हणाले. अठराच्या सभेत मी व्यासपीठावर बसावं अशी त्यांची इच्छा आहे. ताई, मला पुन्हा जगावंसं वाटतंय.

लोभ असू द्यावा, ही विनंती.
तुझी सत्यवती

परभणी
१२ नोव्हेंबर १९५१

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले आणि लगोलग कपाळाला आठीही पडली. लग्न करायचं, तर बांगड्यांची अडचण कसली? की मतं मागायला हुतात्म्याची विधवा हवी, आणि बायको नंतर? पांढरं पातळ नेसून या म्हणाले का, ते तू लिहिलं नाहीस. म्हणजे म्हणाले असणार. मी संशयी आहे, हे तुझे दाजी रोज ऐकवतात. पण तू एकदा पोळली आहेस, ताकही फुंकून पी. त्याच बांगड्या घालून सभेला जा. माणूस खरा निघाला तर त्याला डबाभर चिवडा धाडीन.

जिवाला जप.
तुझी ताई

काचीगुडा
२१ नोव्हेंबर १९५१

ती. ताईस सा. नमस्कार.

पातळाचं तू बरोबर ओळखलंस. पांढरंच नेसले, पण बांगड्या घातल्या. नल्लकुंट्याच्या मैदानात बसायला जागा नव्हती. ह्यांच्याविषयी बोलताना मुकुंदरावांना रडू आलं. ते खोटं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते.

ते खुर्चीवर परतले तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. लोक बघताहेत, हात पदराखाली घ्या, असं हळूच म्हणाले. मी घेतले. ताई, घेतले गं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. उठून लोकांना नमस्कार करायचा, तर हात बाहेर काढावेच लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी बांगड्यांकडे बोट दाखवून एकमेकींना खुणावलं. त्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघून हसली.

मुकुंदराव त्या दिवसापासून फिरकले नाहीत. बांगड्या मी काढलेल्या नाहीत. चिवडा पाठव, एकटीला पुरेल इतकाच.

आहे तो लोभ वाढावा.
तुझी सत्यवती