पाळण्याचे पाय

सूनबाई,

मी लाकडाच्या वखारीत जातोय, जेवायला थांबू नकोस. पाळण्याचे चारही पाय काढून भिंतीला लावून ठेवलेत, ते बघून घाबरू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे.

काल तू पाळण्यात गादी अंथरायला वाकलीस ती वाकलेलीच राहिलीस, शेवटी नवऱ्याने धरून सरळ केलं. वर मला विचारलंस, "बाबा, हा बाळासाठी आहे की मांजरासाठी?" तेव्हा मीही हसलो. मग रात्री पाळण्याला टेप लावून बघितलं, तर माप चुकलेलं नव्हतं. ते तुझ्या सासूचं होतं. या घरातलं टेबल, फळ्या, ओटा, सगळं तिच्या कोपराच्या उंचीने केलंय. पाळणा करतानाही हात आपोआप तिथेच गेला, मी टेप काढलीच नाही. ती होती बुटकी आणि तू ताडमाड. दोन वर्षं त्या ओट्याशी वाकून स्वयंपाक करतेस, कधी बोलली नाहीस ते?

आता भिंतीला टेकून ताठ उभी राहा, कोपर वाकव आणि नवऱ्याला तिथे पेन्सिलीने खूण करायला सांग. मोजायला मात्र सांगू नकोस. तो मोजायला बसला तर बाळ शाळेत जाईल. नवे पाय मी त्या खुणेवरूनच कापीन.

ओटाही उंच करायला हवा, कळतं मला. पण तो एवढ्यात नको. तोवर भाजी मी चिरत जाईन. तुझ्या सासूशेजारी उभं राहून चिरायचो, त्यामुळे मला वाकायची सवय आहे.

बाबा