जुनी किल्ली जाण्यापूर्वी विचारण्याबाबत

दिनांक : २१ मार्च १९९४

प्रति,
मा. नोंद अधिकारी साहेब,
बियाणे उगवण तपासणी नोंद कक्ष,
सेलू, जि. परभणी.

विषय : सामायिक किल्ली घेताना संगणकाने विचारायचा प्रश्न स्पष्ट करणे व एक बंद फाईल न पुसणेबाबत.

संदर्भ : न उघडणारी फाईल ३१ मार्चपूर्वी पुसण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. मी सकाळपाळीचा रोजंदारी संगणकचालक आहे. जाहीर होण्याआधी निकाल व्यापाऱ्यांना दिसू नयेत म्हणून आपल्या फाईली कुलूपबंद असतात व दोन्ही पाळ्यांच्या चालकांत मिळून एकच किल्ली असते. ही किल्ली म्हणजे यंत्रात साठवलेले आकडे, हे आपण जाणताच. बडेबाबू व्यंकटराव यांनी ती खुंटीला टांगण्यासाठी माझ्याकडे दोनदा मागितली आहे.

२. दुपारपाळीच्या चालक बाई (नाव मुद्दाम लिहीत नाही) व मी याच कुलपातील एका फाईलीत एकमेकांस निरोप ठेवत असू. सुरुवातीस ते ज्वारीच्या उगवणीबाबत असत. पुढे ज्वारी कमी होत गेली. दि. १० जानेवारीस मी त्यात लग्नाबाबत विचारणा केली. तोंडी का नाही, असे आपण विचाराल. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आधी आडनाव विचारत नि मग पाणी. त्यांचे व माझे आडनाव शेजारी बसू शकेल अशी जागा तालुक्यात ती फाईलच होती.

३. दि. १३ रोजी त्यांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली, "आत लिहिलंय. वाचून मग घरी या." त्यानंतर घरच्यांनी त्यांना कामावर पाठवले नाही. बंदोबस्तामुळे गाड्यांचा भरवसा नव्हता. मी कार्यालयात थेट दि. १७ रोजी पोचलो व चिठ्ठी तेव्हा पाहिली. तोवर वरिष्ठ कार्यालयाची नवी किल्ली फ्लॉपीवर येऊन पडली होती व व्यंकटराव "आधी हे कर" म्हणून पाठीमागे उभे होते. पडद्यावर इंग्रजीत एवढेच विचारले होते, की सामायिक किल्ली आत घ्यायची काय, हो किंवा नाही. मला वाटले, जुडग्यात आणखी एक पडेल. मी 'हो' दाबले. नवी आली आणि जुनी कायमची गेली. यंत्र याला 'काम यशस्वी' म्हणते.

४. त्यानंतरच्या रविवारी देवगाव फाट्यावर उतरून, कार्यभार यादीवर सही हवी या सबबीने मी त्यांच्या गावी गेलो. दोघे चुलते बाजेवर बसून माझ्याकडेच पाहत होते. बाईंनी यादी घेताना हळूच विचारले, "वाचलं का?" किल्ली घालवली हे सांगायची मला लाज वाटली. मी "वाचलं" म्हणालो. "मग?" मी म्हणालो, "इथं खाली सही करा."

त्यांनी केली. "कळलं," म्हणाल्या. फेब्रुवारीत त्यांचे लग्न झाले.

५. फाईल उघडत नसली तरी तिचा आकार दिसतो : २१४ अक्षरे. मी त्यांच्या वतीने नकार लिहून पाहिला, १८८ भरला. अधिक सभ्यपणे लिहिला, २०३. होकार बरोबर २१४ बसला. परंतु त्यासाठी 'लय' हा शब्द तीनदा घालावा लागला, आणि बाई तशा लिहीत नसत. व्यंकटरावांना दाखवले तर म्हणाले, "लिंबाजी, न्हाई म्हणायला कोण एवढं टाईप करतंय रे?"

६. सबब विनंती की, सदर फाईल पुसू नये. तिला फार जागा लागत नाही. तसेच यापुढे यंत्राने मराठीत पुढीलप्रमाणे विचारावे :

"ही किल्ली अमुक कार्यालयाकडून आली आहे. घेतल्यास दोन्ही पाळ्यांना लागू होईल. आधीची किल्ली जाईल व तिने बंद केलेले पुन्हा कोणासही वाचता येणार नाही. काही वाचायचे राहिले आहे काय?"

आणि उत्तर येईपर्यंत यंत्राने थांबावे. यंत्राला थांबता येते. माणसे फेब्रुवारीपर्यंत थांबतात.

आदेशाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
लिंबाजी सूर्यभान वाव्हळे
संगणकचालक, सकाळपाळी

सोबत : पडद्यावरील इंग्रजी प्रश्नाची हाताने काढलेली नक्कल.