दोऱ्यासकट

बाबा, मी तो दोरा काढणार नाही. तुम्ही असतात तर एव्हाना काढून, हात धुऊन, चहाला बसला असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. लालबागच्या आपल्या स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं त्याला बरीच वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही नऊ झाली, तरी एखाद्या फोटोत काही खुपलं की तुम्ही माझ्या मानेमागे येऊन उभे राहता. आज रविवार आहे. जेवणं झाली आहेत, आई आत आडवी झाली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तुमच्याशी भांडायला बसले आहे.

फोटो शिवडीच्या खाडीतला आहे. तुमच्या लेखी शिवडी म्हणजे गोदामं, ट्रक आणि गोदीतली माणसं. तिथे कुणी हौसेने कॅमेरा घेऊन जाईल असं सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा वर करून बघितलं असतंत. मी गेली आठ वर्षं जाते. ऑफिसला सुट्टी असली की भरतीची वेळ बघते आणि निघते, कारण ओहोटीला पक्षी पार लांब चिखलात असतात, नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की ते त्यांना हळूहळू काठाकडे रेटत आणतं आणि मग तासभर अख्खा गुलाबी थवा हाकेच्या अंतरावर चरत असतो. फ्लेमिंगोंच्या पायाशी शेकाटे, तुतारे असले छोटे पक्षी असतात, मागे गंजलेल्या बोटी आणि तेलाच्या टाक्या. मी धक्क्यावर बसते ती आपल्या स्टुडिओतल्या बुटक्या स्टुलावर. ज्यावर तुम्ही वाढदिवसाच्या पोरांना बसवायचात, तेच. दुकान आवरताना 'तुला काय हवं ते घे' म्हणालात, तेव्हा मी ते उचललं आणि तुम्ही म्हणालात, एवढंच? त्याचा एक पाय आता जरा हलतो, पण माझं वजन पेलतो.

मागच्या महिन्यात त्या थव्यात एकाच्या पायाला निळा दोरा दिसला. नायलॉनचा, मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा असावा. पायाला घट्ट वेढे बसलेले आणि हातभर शेपूट मागे चिखलात ओढलं जातंय. तो चार पावलं टाकायचा, थांबायचा, पाय झटकायचा, पुन्हा चोच चिखलात घालायचा. रडगाणं नाही, काही नाही. लंगडत जेवत होता. माझ्या शेजारी दादरचे एक निवृत्त गृहस्थ असतात, हातभर लेन्सवाले. ते म्हणाले, "अहो, त्याला सोडा. डावीकडे बघा, फ्रेम कशी क्लीन आहे." मी डावीकडे बघितलं नाही. आधी जखमी पक्षी सोडवणाऱ्या माणसांना फोन केला. ती बिचारी लगेच आली, पण त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि तोवर पाणी भरून थवा उठला होता. तोही उठला, दोरा खाली लोंबत. त्याआधीच्या अर्ध्या तासात मी त्याचे फोटो काढत बसले होते, आणि त्यातला एक, पाय उचलून झटकतानाचा, मी आजवर काढलेल्या फोटोंतला सर्वांत चांगला आहे. हे तुम्हीही कबूल केलं असतंत, नाक मुरडत.

आणि आता त्याला भिंत मिळाली आहे. कुठली, ते ऐका. ज्या गिरणीत तुम्ही दर दसऱ्याला जायचात, यंत्रांची पूजा झाली की खात्यातल्या सगळ्यांना पायऱ्यांवर ओळीने उभं करून ग्रुप फोटो काढायचात, त्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे. त्याच्या लॉबीची सजावट बघणाऱ्या मुलीने हा फोटो एका प्रदर्शनात पाहिला आणि मला भिंत दाखवायला बोलावलं. दोन पुरुष उंचीची भिंत, बाबा, कोरी. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मान मागे टाकून वरपर्यंत बघितलं. खोटं कशाला बोलू, मला ती भिंत हवी होती, अजूनही हवी आहे. आठ वर्षांत माझा एकही फोटो आपल्या घराबाहेरच्या भिंतीवर कायमचा लागलेला नाही.

"मॅम, फोटो एकदम कडक आहे," ती म्हणाली. "फक्त तो ब्लू दोरा आणि मागच्या टाक्या तेवढ्या काढा ना."

"दोरा त्याच्या पायात आहे," मी म्हटलं.

"हो, पण फोटोत कशाला? लोकांना सकाळी लिफ्टमधून उतरल्यावर काहीतरी पॉझिटिव्ह दिसायला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. मंडेपर्यंत पाठवाल?"

मुलगी वाईट नाही. तिने मला थंड पाणी आणून दिलं, निघताना टॅक्सीचं विचारलं. तिच्या जागी तुम्ही असतात तर अगदी हेच बोलला असतात, फक्त इंग्रजी कमी. मला राग तिचा आला नाही, तुमचा आला. घरी येईपर्यंत मी मनात तुमच्याशीच तंडत होते.

कारण मी तुमच्या हाताखाली वाढले आहे. त्या उतरत्या डेस्कवर काचेखाली बल्ब लावलेला, वर निगेटिव्ह, आणि तुम्ही पॉलिश पेपरवर सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल घेऊन वाकलेले. निगेटिव्हवर पेन्सिलीचा ठिपका भरला की फोटोत चेहऱ्यावरचा डाग नाहीसा होतो, हे मी पाचवीत असताना शिकले. तुम्ही देवीचे वण काढलेत, सुरकुत्या काढल्यात, तिरळे डोळे सरळ केलेत. जन्मात ज्याने कोट घातला नाही अशा माणसाला, तो गेल्यावर, तुम्ही रंगाने कोट चढवलात. कुणी गेलं की घरचे लोक जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे, "ह्यातला एवढाच काढून मोठा करा, तेराव्याच्या आत हवा," आणि तुम्ही मान डोलवायचात. बोटं तुमची फोटो धुवायच्या औषधांनी आधी काळी पडली, मग त्यांवर पांढरे डाग उठले, तरी पेन्सिल सुटली नाही.

भोईवाड्याची खानावळवाली मावशी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिच्याकडे गिरणीतले चाळीस गडी जेवायचे आणि आई आजारी होती त्या वर्षी मीही. तिच्या हनुवटीवर बोराएवढा मस होता. ती भाकरी थापायची तेव्हा तो मस हलायचा आणि मला हसू यायचं, मग ती पीठ लागलेल्या हाताने मला टपली मारायची. तिचा मुलगा फोटो घेऊन आला आणि तुम्ही मस काढलात. हनुवटी अशी गुळगुळीत केलीत की ती कुणाचीही हनुवटी झाली. मी तो प्रिंट वाळत घातलेला बघते आहे, अजूनही बघते आहे, आणि मला तिची ओळखच पटत नाही. तुम्ही जेवायला घरी गेला आहात. मी बारीक ब्रश घेते, शाई घेते आणि मस परत जागच्या जागी बसवते. छान जमतो.

संध्याकाळी मुलाच्या समोर तुम्ही कागदातून फोटो काढलात. त्याला म्हणालात, चूक झाली, उद्या या. तो गेल्यावर माझ्याकडे वळलात. गिऱ्हाइकाशी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण चिडलात की थेट गावचं यायचं.

"ह्यां कोणी केल्यान?"

"मी. मावशीला मस होता, बाबा."

"तिका म्हायत होतो तो. म्हणान तर पदर हनुवटीर धरून बसायची. जल्मभर झाकून ठेवल्यान, आणि तू मेल्यावर उघडो केलंस." ब्रश धुतलात, पुसलात, डब्यात ठेवलात. "उद्यापासून डेस्काकडे येव नको."

सहा महिने मी डेस्काकडे गेले नाही. तुम्ही बोलावलंही नाही. गुळगुळीत हनुवटीची मावशी भिंतीवर लागली आणि मी तिच्या तेराव्याला गेले तेव्हा गिरणीत मागावर काम करणारा एक म्हातारा साचेवाला फोटोसमोर हात जोडून, मग जरा पुढे वाकून, ओळख पटत नसल्यासारखा पुन्हा बघत होता. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आणखी एक मुद्दाम राहिलं: तुमचं म्हणणं मला पटलं होतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. ती झाकायची, हे खरंच होतं. जेवायला बसल्यावर मीच शंभरदा पाहिलं होतं.

पण म्हणूनच आज माझं ऐका. मस मावशीचा होता. तिने तो दाखवायचा की झाकायचा हे तिने ठरवावं, मान्य. हा दोरा त्या पक्ष्याचा नाही. तो त्याच्या अंगावर उगवलेला नाही. तो आपला आहे, आपण फेकलेला, आपल्या जाळ्यातला, आणि तो काढला तर मी झाकणार आहे ते आपल्याला, त्याला नाही. लॉबीतून सकाळी उतरणाऱ्या माणसाला फ्लेमिंगो हवा असेल तर त्याने दोऱ्यासकट घ्यावा. टाक्याही राहतील. त्या टाक्यांसमोरच तो चरतो, दुसरीकडे कुठे जाणार? खिडकी उघडली तर वरच्या मजल्यांवरून त्याच टाक्या दिसतात, भिंत बघायला गेले तेव्हा मी तिथे उभी राहून पाहिल्या आहेत. आणि तुम्ही म्हणाल की एवढा ताठा बरा नव्हे, एवढी मोठी भिंत, लोक तुझं नाव वाचतील. वाचोत नाहीतर न वाचोत. ज्या पायऱ्यांवर तुम्ही गड्यांचे चेहरे उजळलेत, त्याच जागी मला आणखी एक चेहरा पुसून लावायचा नाही. तुम्ही आयुष्यभर लोकांना हवं ते दिलंत, प्रेमाने दिलंत, हे मी नाकारत नाही. पण मी तुमच्यासारखी नाही आणि ह्या वयात होणारही नाही.

आत्ताच त्या मुलीला मेल केला. चार ओळी: फोटो आहे तसा लावणार असाल तर आनंद आहे, नाहीतर नको. पाठवलं आणि आधी बरं वाटलं. मग पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचला. रविवार असूनही तिचं उत्तर लगेच आलं, की मग दुसरं काहीतरी बघतो, सॉरी मॅम. म्हणजे भिंत गेली. मी उठून चहा ठेवला, आईला दिला, आणि कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले, जिथे तुमचा फोटो आहे.

स्टुडिओचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी काढलेला तो फोटो. पगारातून घेतलेला माझा पहिला कॅमेरा होता आणि तुम्ही पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होतात. तोवर बोटांवरचे पांढरे डाग ओठांपर्यंत आले होते. डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक मोठा. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. तुम्ही चष्मा वर करून खूप वेळ बघितलात आणि त्या डागावर बोट ठेवलंत. "ह्यो काढू नको हां," म्हणालात. "ह्यो माझो आसा."

भिंतीवरच्या फोटोत तो नाही, बाबा. तुम्ही गेल्यावर गावची माणसं यायची होती, आत्या म्हणाली लोक नसतं विचारतील, आणि मी स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर बसून तो काढला. सफाईने, तुम्ही शिकवलं होतं तसाच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मूळ फोटो त्याच लॅपटॉपमध्ये आहे, नऊ वर्षं झाली, आणि मी तो अजून छापायला दिलेला नाही.