सलीमभाईंच्या नावावर

शुक्र., ३ जाने.

आज जेवले नाही.

दुपारी नांदेडच्या ऑफिसातून लातूरच्या राउटरवर शिरले होते, नायगावच्या गिऱ्हाइकांना इंटरनेटच्या नव्या लाइनीवर टाकायला. काम खरं मंगळवारी पहाटेचं. पण उद्या सासरी हिमायतनगरला जायचंय, डोक्याला घोर नको म्हणून आजच उरकायला घेतलं. नायगावचं नीट झालं. मग म्हटलं, आत आलेच आहे तर कुणाची लाइन कुठून जायची त्याचे जुने नियमही झाडून टाकू. डबा काढायला गेलं की अख्खी मांडणी पुसायला घेते, तशातली गत. त्यात एक नियम लातूरच्या परीक्षा केंद्राचा होता. मला वाटलं जुनाट आहे, कुणी वापरत नसेल. विचारलं कुणाला? नाही. जुनी प्रत काढून ठेवली? नाही. स्वतःला लई शहाणी समजते मी!

तिकडं पोरं ऑनलाइन पेपरला बसलेली. लाइन गेली. लातूरचे आमचे सलीमभाई किल्लारीच्या टॉवरवर होते, त्यांनी फोनवरूनच ऑफिसातल्या माणसाला राउटर बंद-चालू करायला लावला. मी बदल अजून सेव्ह केला नव्हता. त्यामुळं तो आपोआप पुसला गेला, लाइन आली. पेपर मात्र गेला. पुन्हा घेणार म्हणे.

सगळे विचारत होते, काय झालं, काय झालं. मीपण विचारत होते.

रवि., ५ — हिमायतनगर

सासूबाई म्हणाल्या, तोंड का उतरलंय गं. म्हटलं, बस लागली.

उद्या गेल्या गेल्या कदम सरांना सांगायचं. फार तर बोलतील. बोलू देत.

सोम., ६

नाही सांगितलं.

सर माझ्या आधी येऊन बसले होते. पुण्याहून आलेत, वर्षसुद्धा झालं नाही, पण नांदेड-लातूर दोन्हीकडचं नेटवर्क त्यांच्याकडंच. त्यांनी शुक्रवारची नोंद काढली होती. आत शिरलेल्याचं नाव: सलीम.

आता हे सरांना कोण सांगणार, की आम्ही सगळेच भाईंच्या नावानं आत शिरतो! ही सगळी यंत्रं पहिल्यांदा त्यांनीच बसवली. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला चहा पाजायचा आणि भाईंचा पासवर्ड द्यायचा, अशीच रीत. पासवर्ड म्हणजे त्यांच्या लेकीचं नाव. वेगळं नाव मागणं म्हणजे भाईंना परकं केल्यासारखं वाटायचं. मलाही कधी मागावंसं वाटलं नाही.

सरांनी भाईंना स्पीकरवर घेतलं.

"भाई, शुक्रवारी दुपारी लातूरच्या राउटरवर तुम्ही होता?"

"होतो ना सर. किल्लारीवरून बघून राहिलो होतो."

"मग नियम तुम्ही काढले?"

मी तोंड उघडलं होतं. शपथ, उघडलं होतं.

"काढले असतील सर. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघड्या होत्या. डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. इकडचं तिकडं झालं असेल."

सर म्हणाले, ठीक आहे. फोन ठेवला. मी बाटलीभर पाणी प्याले. बाकीचे आपापल्या कामाला लागले. भाई स्वतःच हो म्हणाले, मग त्यांना तरी शंका कशी येणार.

बुध., ८

भाईंना फोन केला. सांगायलाच केला होता. पण त्यांनीच आधी सुरू केलं.

"बेटा, खरं सांगू? मला आठवतच नाही. लई डोकं खाजवलं. नियम काढले असे काही याद नाही. पण मशीन तर खोटं बोलत नाही ना." मग आवाज बारीक करून म्हणाले, "आमच्या अब्बांचं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग माणसं."

आणि मी काय म्हणाले? "भाई, फिकीर करू नका, होतं असं कुणाचंही."

होतं असं! जीभ झडत कशी नाही माझी.

शुक्र., १०

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कळलं. सुटल्यासारखंच वाटलं क्षणभर. पण नाही. म्हणाले, नेटवर्कमधला बदल कसा करायचा याची शिस्त नाही आपल्याकडं. तू नियम लिही, मंगळवारी लातूरला सगळ्यांना समजावून सांग. तुझं काम चोख असतं. पुढं ही टीमच तुझ्याकडं द्यायचा विचार आहे.

चोख म्हणे.

घरी विलासला सगळं सांगितलं. नवऱ्याला तरी सांगावं माणसानं. म्हणाला, "मग सांगून टाक ना, फाशी देणारेत का?" त्याचं सगळं सोपं असतं. मी चिडले, आदळआपट केली. कामून चिडले? तो बरोबर बोलला म्हणून.

रवि., १२

नियम लिहायला बसले. भराभर सुचतात, त्यात काय. मी जे जे केलं त्याचं उलटं लिहायचं. काय करणार ते आधी लिहून दुसऱ्याची मंजुरी घ्या. ठरल्या वेळेलाच करा. जुनी प्रत ठेवा. फसलं तर मागं कसं यायचं ते सुरू करायच्या आधी ठरवा. ठरलं तेवढंच करा, आत आलोच आहोत म्हणून दुसऱ्या कशाला हात लावू नका. झाल्यावर पळून जाऊ नका, बसून बघा. आणि ज्यानं त्यानं आपल्याच नावानं शिरावं.

सरांना पाठवलं. सरांचं उत्तर: उत्तम, अनुभवातून आल्यासारखं वाटतं.

मंगळ., १४ — लातूर

संक्रांत. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या भाईंनी तिळगूळ दिला. घरून करून आणला होता, त्यांच्या बेगमनं. हातात धरूनच बसले, तोंडात घालवेना.

भाई पहिल्या रांगेत. नवा चष्मा. मी बोलत होते आणि ते उतरवून घेत होते, शाळेतल्या पोरासारखं, खाली मान घालून. ही सगळी यंत्रं मला ज्या माणसानं हाताला धरून शिकवली, तो.

शेवटी हात वर केला. "बेटा, ज्याला केलेलं आठवतच नाही, त्यानं काय करायचं?"

दोघं-तिघं हसले. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग वाटलं, आधी कुणाच्या?

म्हटलं, "आधी लिहून ठेवलं की आठवावं लागत नाही, भाई." ते "हाव, हाव" म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले.

शुक्र., १७

राउटरवर शिरायला सगळ्यांना वेगवेगळी नावं मिळाली. भाईंना नाही. त्यांना स्टोअरला टाकलं, वायरी अन् डबे सांभाळायला. सर म्हणाले, वयाचा मान राखूनच करतोय, टॉवरवर चढणं आता नको, डोळ्यांचं आहे. भाईंनी हूं की चूं केलं नाही म्हणे. चाव्या घेतल्या आणि जाऊन बसले.

त्यांचं जुनं नाव सगळ्या यंत्रांवरून काढायचं काम कुणाकडं? माझ्याकडं. एकेक करून काढलं. किल्लारी, नायगाव, लातूर.

आज सांगितलं असतं तरी चाललं असतं. सोमवारी चाललं असतं. रोज "आज" म्हणते आणि रोज ते जड होत चाललंय. आता नुसती चूक नाही राहिली ती. आता मी एका माणसाला त्याचं डोकं गेलंय असं पटवून राहिले.

सोम., २०

नव्या पद्धतीतला पहिला अर्ज आला. भाईंचा. सरांनी त्यांना सांगितलं होतं, तीन तारखेचा बदल मागाहून नोंदवा, म्हणजे प्रकरण मिटलं. मंजुरी दुसऱ्या माणसानं द्यायची. दुसरा माणूस मी.

बदल करणारा: सलीम. कारण: नजरचूक. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तिथं भाईंनी लिहिलंय: मी यापुढे राउटरला हात लावणार नाही.

रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. कुणीतरी चहा आणून ठेवला.

मंजूरवर बोट नेलं. मागं घेतलं. नामंजूर दाबलं. ते कारण मागतं, कारणाशिवाय पुढं जातच नाही. लिहिलं: हा बदल भाईंनी केलेला नाही. एवढंच. पुढचं वाक्य लिहायला हात चालला नाही आणि तसंच पाठवलं.

लगेच खाली सरांचा प्रश्न: मग कुणी केला?

भाईंनाही हे सगळं दिसतं. मी काही लिहायच्या आत त्यांचंच आलं. "बेटा, मला वाचवायला स्वतःवर घेऊ नकोस. तू असलं कधी करणार नाहीस, मला माहिताय."

सर उत्तराची वाट बघताहेत. भाईपण.