पांढरे हातमोजे

लांजा, जि. रत्नागिरी

आदरणीय एस्तेरमावशी,
सप्रेम सलाम.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लग्नात घालायला तुम्ही पाठवलेले पांढरे हातमोजे मिळाले. सोबत चिठ्ठी, की मुंबईचे पाहुणे येणार आहेत, बोटं झाकलेली बरी.

सहा वर्षं कारखान्यात काजू फोडून माझी बोटं काळी पडलीत. टरफलाचं तेल कातडीत मुरतं, साबणाने जात नाही. याच बोटांनी मी तुमच्या रविवारच्या वर्गात बायबल उघडायचे, आणि तुम्ही आम्हा मुलींना शिकवायचात, देव रूप बघत नाही, मन बघतो. मी ते खरं मानलं. तुम्ही नव्हतं मानलंत?

तुमचा अनुप म्हणाला, "आईसाठी तासभर घाल की." मी म्हटलं, मग लग्नच राहू दे. तेव्हा म्हणाला, "बरं, मी सांगतो तिला." अजून त्याची हिंमत झालेली नाही.

पण मावशी, हातमोज्यावरून अंगठी चढत नाही. चर्चमध्ये लग्न तुमचे यजमान, आपले पाळकसाहेबच लावणार. ऐन वेळी तेच सगळ्या मंडळीसमोर म्हणतील, "शलोमी, हातमोजा काढ."

त्यापेक्षा मी उघड्या हातांनीच येते.

तुमची होणारी सून,
शलोमी