इतलंच सांग

बुधवार, १० फेब्रुवारी १९९९

ती बाई गेल्यापासून माझे हात थंड पडलेत.

धुरपदाबाई. साक्रीकडची, साठीची. अभिमन नानांचं नाव कुणाकडून तरी ऐकून जळगावला आली. नाना पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाले आणि हे चौकशीचं ऑफिस काढलं. येणारे बहुतेक लग्नाचे — मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, आधीचं लग्न लपवलं नाही ना. मी वाचनालयात बारा वर्षं वर्तमानपत्रांच्या फायली लावल्या. आता त्याच फायली, मतदार याद्या, टेलिफोन डिरेक्टऱ्या नानांसाठी चाळते. सगळं उघड्यावरचं, कुणीही वाचावं असं. कुणाच्या दारात जावं लागत नाही. माझ्यासारख्या भित्रीला हेच काम बरं!

पण ही लग्नासाठी नव्हती आली. मुलगी मंजुळा. सहा वर्षांपूर्वी धुळ्याला डी.एड. झाली आणि छगन नावाच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली. मोठा भाऊ लोटन कुऱ्हाड घेऊन शोधायला गेला. आठ दिवसांनी परत आला, स्वतःचा सदरा स्वतः धुतला — आयुष्यात पहिल्यांदा! — आणि तेव्हापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही.

"मन्ही पोर जित्ती शे का, इतलंच सांग. कोठे शे, ते मले सांगू नको."

म्हणजे हिला वाटतं, लोटननंच... लिहवत नाही.

घरी मुक्ताईच्या दर्शनाला जाते म्हणून सांगून आली आहे. मंगळवारी परतताना येणार.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

धुळ्याच्या याद्यांत नाही. नाशिक, सुरतच्या डिरेक्टरीत नाही. त्र्याण्णव सालची वर्तमानपत्रं काढली. "अनोळखी महिलेचा मृतदेह" अशा बातम्या शोधत बसले. चार सापडल्या. चारही वयानं जुळत नाहीत. देवा!

शनिवार, १३ फेब्रुवारी

कोर्टाजवळच्या नव्या सायबर कॅफेत गेले. नाना म्हणाले, "वर्तमानपत्रात नाही ते त्या डब्यात कसं असेल?" तरी गेले. तिचं नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी टाकलं. काही नाही. दोनदा लाईन तुटली.

मग डोक्यात आलं — गुजरातेत गेली असेल तर तिथे बाईच्या नावापुढे बेन लागणार, नवऱ्याच्या नावापुढे भाई. तसं टाकलं.

मंजुळाबेन छगनभाई, शिक्षिका.

अमेरिकेतल्या कुठल्याशा गुजराती मंडळानं डांगातल्या आश्रमशाळांना मदत केली, त्याचं पान. सोबत फोटो. तो वरून खाली, एकेक पट्टी करत उमटत होता. कौलं, भिंत, केस, कपाळ... चेहरा आला. मान डावीकडे कललेली — धुरपदाबाई म्हणाली होती अगदी तशी. फोटोखाली तारीख गेल्या वर्षीची.

जिवंत आहे! कॅफेतल्या खुर्चीवरच रडले. शेजारचा माणूस बघत राहिला.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

धुरपदाबाई आली. "आहे, अक्का. जिवंत आहे," म्हटलं. ती कपाळ टेबलाला टेकवून बसली. मग हळूच, "तोंड दाखाड ना माय एकदाव."

दोन प्रती छापून आणल्या होत्या. एकीवरचं शाळेचं नाव, गाव, फोन — सगळं कात्रीनं कापलं आणि नुसता फोटो दिला. तिनं तो चोळीत घातला. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

फार दिवसांनी वाटलं, आपल्या हातून काही चांगलं झालं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

मेले मी. काय करून बसले हे!

फायलीला लावायला दुसरी प्रत काढली. मंजुळेच्या मागे भिंत. भिंतीवर निळ्या रंगात गुजराती अक्षरं. शाळेचं नाव, खाली गाव, तालुका. भिंग धरलं तर स्वच्छ वाचता येतं. भिंगाशिवायही येतं! खाली छापलेलं तेवढं कापलं, आणि मागे भिंतभर लिहिलेलं दिसलं नाही मला. बारा वर्षं फायली लावल्या म्हणे!

साक्रीकडच्या माणसाला गुजराती वाचायला काय लागतं? तिकडचे निम्मे लोक ऊसतोडीला गुजरातेतच जातात. लोटनच्या हाती तो कागद पडला तर मोटारसायकलनं अर्ध्या दिवसाचा रस्ता.

नानांना सांगितलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "सुमन, 'आहे' एवढंच सांगायचं ठरलं होतं. कागद कशाला दिला?"

गुरुवार, १८ फेब्रुवारी

जेवण जात नाही. कापलेल्या पट्टीवर शाळेचा नंबर होता. एसटीडी बूथवरून लावला. पंधरा मिनिटांनी तिला वर्गातून बोलावलं.

"मंजुळाबेन, मी जळगावहून बोलतेय. तुमची आई आली होती."

तिनं काही विचारायच्या आत मी पुढचं सांगून टाकलं.

"तुमचा पत्ता भावाला कळू शकतो. चूक माझी आहे. थोडे दिवस दुसरीकडे जा."

"तुमले कोनी सांगं? लोटननी?" तिचा आवाज इतका बारीक झाला! "मना दोन पोरं शेतस, बाई." मागे मुलं पाढे म्हणत होती. फोन ठेवला तिनं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

आज शाळेचा फोन कुणी उचलत नाही. चार वेळा लावला.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

समोरच्या चहाच्या टपरीजवळ मोटारसायकल. एमएच १८. धुळ्याची. तिच्यावर एक माणूस, धिप्पाड, सकाळी दहापासून आमच्या जिन्याकडे बघत. नाना नेमके कामासाठी पारोळ्याला गेलेत. मी आतून कडी लावली, फायलीतली प्रत चुलीत घालायला पदराखाली घेतली. पाचला तो गेला. मागच्या बोळातून घरी आले.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

कालचाच तो माणूस वर आला — लोटन. नाना होते, तरी मी उभीच राहिले. आईच्या पिशवीत आमच्या ऑफिसचं कार्ड सापडलं म्हणाला.

"मायना हातमा कागद व्हता. मी मांगा, तं तिनी तोंडमा घाला. मन्हा डोयासमोर चावीसन खाई टाका, बठ्ठा! काय व्हतं त्यामा? मंजी सापडनी का?"

मी म्हटलं, "नाही. म्हातारीचं समाधान व्हावं म्हणून भलत्याच बाईचा फोटो दिला होता."

एवढा मोठा माणूस मटकन खाली बसला. "सहा वरीस झायात, मीबी तिलेच धुंडी ऱ्हायनू. आठ दिवस फिरनू, कुऱ्हाड नदीमा फेकी दिन्ही. मायले कसं सांगू?" आणि तोंडावर उपरणं धरून रडायला लागला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही.

सांगितलं नाही.