नातवाच्या सामन्याचा कौल

बाबा, आज सकाळपासून तुमचा गुडघा डोळ्यांसमोर आहे. देवळाच्या पायरीवर आधी काठी टेकायची, मग तो पाय फरफटत वर घ्यायचा, आणि तशातही देवासमोर हात जोडायचे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला मला भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, पण तो पाय आठवतो. आज आठवायला कारण माझा नातू, माझ्या मुलीचा मुलगा. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत.

तो अमेरिकेत कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळतो. आपल्यासारखा लाथेने नाही. बॉल काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. म्हणजे तुमचा हुतुतूच, फक्त गडी रेड्यांएवढे. तिकडे कॉलेजांचे मोठमोठे गट असतात. हंगामभर आपापल्या गटात खेळतात, आणि शेवटी एका गटातला चांगला संघ दुसऱ्या गटातल्या चांगल्या संघासमोर उभा करतात. त्या सामन्याला बाऊल म्हणतात, म्हणजे वाडगा. का, ते मी विचारलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला, आणि हल्ली विचारायचाही थकवा येतो. आपला पोरगा आजवर राखीव म्हणून बाकावरच बसलेला. या सामन्याला मात्र त्यांचा पहिला गडी उतरणार नव्हता. पुढे पगारी संघात जायचं म्हणून तो अंग राखून बसला. ती जागा याला मिळाली. कॉलेजातला शेवटचा सामना, आणि नेमका आधीच्या आठवड्यात त्याचा ऑपरेशन केलेला गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, खेळू शकतोस, पण परत फाटला तर आयुष्यभर जपावा लागेल.

मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही नको म्हणा. माझं ऐकत नाही तो, तुमचं ऐकेल." मागून पोरगा ओरडला, "आजोबा, ते फुलांचं करा ना! देव बोलेल तसं मी करणार." लहानपणी मे महिन्यात गावी यायचा तेव्हा देवळात कौल लावताना त्याने पाहिलं होतं, ते डोक्यात राहिलं असणार. की कोणीतरी दुसऱ्याने ठरवावं असं त्याला वाटत होतं, कोण जाणे. मला रात्रभर झोप नाही. सकाळी नारळ घेऊन देवळात गेलो.

गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या आणि मला विचारलं, "खेळ कंचा सांगू देवाला?"

"फुटबॉल."

"मंजे पायाचा. मग गुडघ्याचंच गाऱ्हाणं घालतो."

"पायाचा नाय रे, हातात धरून पळतात."

"मग त्याला फुटबॉल कशाला म्हनतात?"

"ते त्यांना इचार. तू गाऱ्हाणं घाल."

"घालतो, पन देव मला इचारील ना!" असं म्हणून त्याने हात जोडले. सातासमुद्रापलीकडं लेकरू मैदानात उतरतंय महाराजा, उतरावं तर उजवा दे, उतरू नये तर डावा दे. मी होय महाराजा म्हटलं. कळी पडायला फार वेळ लागला. घरी आलो आणि पोराला फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "उजवा ना, आजोबा?" मी म्हटलं, "हां बाला, उजवा. खेळ." मुलीने मधेच फोन घेतला आणि ठेवून दिला.

बाबा, तुम्हीही असेच एका पहाटे एकटे देवळात गेला होतात. शिमग्यानंतरचा हुतुतू, नदीपलीकडच्या वाडीशी, आणि तुमचा गुडघा आधीच मुरगळलेला. आई चुलीपुढे बसून म्हणत होती, "पोफळीवर चढायचे पाय हायत तुमचे, मैदानात मोडू नका." तुम्ही परत आलात, चहा मागितलात आणि म्हणालात, "उजवा पडला." आईने चहाचं आधण ठेवलं. देवापुढे ती काय बोलणार? संध्याकाळी तुम्हाला चौघांनी घोंगडीतून घरी आणलं. त्यानंतर तुम्ही पोफळीवर चढला नाहीत, सुपारी पाडायची मजुरी बंद झाली. माझी सातवी संपली तशी शाळा सुटली, आणि मी हातखंब्याला हॉटेलात कपबश्या विसळायला लागलो. एकदा सुट्टीवर आलो असताना मी म्हटलं, देवाने आपल्याला फसवलं. तुम्ही काठी उगारलीत. "देवाचं नाव काढू नकोस. त्याचा काय दोष नाय." मला वाटलं, केवढी ही भक्ती! मी मात्र कित्येक वर्षं त्या देवाशी बोललो नाही.

सामना आज झाला. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. फोनवर सामना लावून तो डब्याला टेकवून ठेवला होता. ही, तुमची सून, शेजारी वाल सोलत बसली होती. म्हणाली, "डोक्याला टोप, खांद्याला गाद्या. खेळतायत की लढाईला निघालेत?" मी हसलो नाही. आपला पोरगा बॉल घेऊन निघाला की मी श्वास धरायचो. दोनदा चांगला पळाला, लोक उभे राहिले. तिसऱ्यांदा चारपाच जण त्याच्यावर पडले. एकेक उठत गेला, तो उठेना. मी फोन पालथा घातला. हिने तो सुलटा केला आणि म्हणाली, "बघा, उठला. घाबरट कुठले." उठला होता, पण लंगडत होता, आणि तसाच परत रांगेत जाऊन उभा राहिला.

ते हरले. दुपारी त्याचा फोन आला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. "आजोबा, हरलो. पण मी खेळलो!" असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तपासणी उद्या आहे. मुलगी माझ्याशी बोलत नाही. त्या तपासणीत काय निघेल? परत फाटला असेल तर? माझ्या एका शब्दावर गेला तो.

हे लिहितोय, पण धाडणार कुठे? मुलीला तर दाखवता येणार नाही. तुम्हाला सांगतो. कळी डावी पडली होती, बाबा. गुरवाने पाहिली, मी पाहिली. पण पोराने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजाला मला डावा म्हणता आलं नाही. आणि आज काठी उगारलेले तुम्ही आठवलात, तेव्हापासून एकच विचारायचं आहे. त्या पहाटे तुमचाही डावाच पडला होता ना?